तारणाची तारीख नाही, मग?

प्रश्न : मावशी, सप्रेम सलाम. सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये मी लहानपणापासून जाते. बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला, दृढीकरण, म्हणजे विश्वासाची आपल्या तोंडून दिलेली कबुली, दहावीच्या सुट्टीत. हल्ली ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या प्रार्थना-गटाला जाते. तिथे सगळे साक्ष देतात, अमुक दिवशी येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं आणि आयुष्य पालटलं. माझी पाळी आली की माझ्या तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, सांगायला तारीखच नसते. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून तर प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’च्या पुढे सरकत नाही. मैत्रीण म्हणते, तुझं येशूशी नातंच नाही, नुसता घरचा धर्म आहे. खरं आहे का हे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पोरी, सलाम. आधी तारखेचं निकालात काढू. प्रेषित पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर भर दुपारी प्रकाश दिसला आणि तो येशूकडे वळला, त्याला दिवस सांगता आला असता. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं तसं नव्हतं. त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असं पौलच त्याला लिहितो, आणि कौतुकानं लिहितो. घरून आलेला विश्वास उसना नसतो.

तरी मैत्रिणीचं सगळंच उडवून लावू नकोस. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींचा भार अंगावर घेतला. आणि पुढे साक्षीत सांगतात काय, तर ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. एवढी विदुषी बाई! पण हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं, शेजारणीकडे बोट दाखवून नाही.

मला विचारशील तर तुझं खरं दुखणं बाबांपाशी आहे. मी आयुष्यभर नर्स होते. रात्रपाळीत गुडघे टेकायला सवड कुठली? सलाईनचे थेंब मोजता मोजता ‘प्रभू, ह्या म्हाताऱ्याला सकाळ दाखव’ एवढंच म्हणायची. कधी सकाळ दिसायची, कधी नाही. नाही दिसली की त्याच्याशी भांडायची. तूही बाबांना कुशीवर वळवताना, ओठाच्या कोपऱ्यातून गळलेली पेज पुसताना मनात येईल ते बोल. राग आला असेल तर रागच. बायबलातलं ८८वं स्तोत्र काढून बघ. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी शास्त्रात आहेच ना?

वाचन मात्र सोडू नकोस. आपल्या नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जाताना कवी ना. वा. टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. वाचायला बसले ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. बाप्तिस्मा झाला पुढे १८९५ मध्ये. तू त्यातलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, घे. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान. नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि रडकुंडीला येऊन म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्याला येशू तारणाची तारीख विचारत नाही. विचारतो ते हे, की ह्याला असं होऊन किती काळ झाला?

गटात पुढच्या वेळी बाबांचंच सांग आणि त्यांच्यासाठी प्रार्थना मागून घे. तीही साक्षच, कुणी नाही म्हटलं तर माझं नाव सांग. आणि चर्चच्या पाळकांना घरी बोलाव. अंथरुणावरच्या माणसाला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकरी आणि द्राक्षरस, घरी येऊन देतात. बाबांना गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून घे, आणि भाकरीचा अगदी बारीक तुकडा द्राक्षरसात भिजवून द्या, असं पाळकांना आधीच सांगून ठेव.