नोकरीच्या अर्जात ‘दुहेरी नागरिकत्व’ लिहावे का?

प्रश्न : माझा जन्म न्यू जर्सीचा. मी लहान असतानाच आईवडील कायमचे पुण्याला परतले आणि माझे सारे शिक्षण इथेच झाले. माझ्याकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी आता खासगी कंपन्यांत अर्ज करते आहे. पुढे एमपीएससी देण्याचाही विचार आहे. मैत्रिणी म्हणतात, बायोडेटात ‘दुहेरी नागरिकत्व’ असे ठळक लिही. काकांच्या मते, ही मुलगी आज ना उद्या अमेरिकेला जाणार असे समजून कंपनी नकार देईल, म्हणून काहीच लिहू नये. मी काय करावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि २००५ मध्ये सुरू झालेली ओसीआय ही परदेशी नागरिकांची नोंदणी आहे. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही केवळ अमेरिकी नागरिक आहात. त्यामुळे ‘दुहेरी नागरिकत्व’ असे लिहिल्यास ते चुकीचे विधान ठरेल. अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना असेल तिथे ‘अमेरिकी, ओसीआय कार्डधारक’ एवढेच लिहावे. बायोडेटात ते लिहिण्याचे बंधन नाही, तरीही शेवटी एक ओळ घालावी असे मी सुचवेन, कारण ओसीआय कार्डधारकाला खासगी नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, हे अनेक कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाला ठाऊक नसते. पत्रकारिता, संशोधन किंवा परदेशी वकिलातीतील नोकरी यांसाठी मात्र ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी घ्यावी लागते.

काकांची भीती अगदीच निराधार नाही, पण माहिती दडवून ती टळणार नाही. रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ मध्ये तुम्ही ‘आंतरराष्ट्रीय कर्मचारी’ आहात का, असे विचारलेले असते आणि पासपोर्टचा तपशीलही मागितलेला असतो. परदेशी पासपोर्ट असणाऱ्यांची वर्गणी १५,००० रुपयांची मर्यादा न लावता पूर्ण वेतनावर आकारण्याची तरतूद आहे, जिच्यावरून न्यायालयीन वादही झाले आहेत. म्हणजे कंपनीच्या खर्चाशीही तुमच्या नागरिकत्वाचा संबंध येतो. पगाराचे खाते उघडताना बँकही अमेरिकी नागरिकत्वाबद्दल घोषणापत्र भरून घेते. नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावर ही गोष्ट उघडकीस आली, तर ती मुद्दाम लपवली असाच अर्थ काढला जाईल. अमेरिकेला परतण्याचा बेत नसेल, तर तसे मुलाखतीत मोकळेपणाने सांगावे. ज्या मुलीचे शालेय दाखलेही पुण्याचेच आहेत, तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला सहसा अडचण येत नाही.

एमपीएससीचा मार्ग मात्र सध्या तुम्हाला बंद आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७ब नुसार, केंद्र सरकारने खास मुभा दिलेली पदे वगळता, ओसीआय कार्डधारकांना सरकारी सेवेत नेमणूक मिळत नाही. त्यांना मतदानाचाही हक्क नाही. कोणी उत्साहाने तुमचे नाव मतदार यादीत घातले असेल, तर ते आधी काढून घ्यावे. नोंदणीला पाच वर्षे झालेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या कार्डधारकाला कलम ५ खाली भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व सोडावे लागते. केवळ एका स्पर्धा परीक्षेसाठी हे पाऊल उचलू नये, असे माझे मत आहे. इथेच आयुष्य काढायचे ठरले असेल, तर मात्र वकिलाचा सल्ला घेऊन अवश्य विचार करावा.