काखेतल्या हिड्राडेनायटिसचं ऑपरेशन केलं तरी ते परत होतं का?

(मूळ प्रश्न: वय 31. आठ वर्षांपासून दोन्ही काखांत आणि जांघेत गळवं होतात. हिड्राडेनायटिस सपुराटिव्हा असं निदान झालंय. सर्जन डाव्या काखेचं 'वाइड एक्सिजन' करू म्हणतात. घरचे म्हणतात, कापलं तरी परत येतंच. खरं आहे का? खर्च किती, रजा किती लागेल?)

तुमच्या घरचे आणि माझा दादा एकाच पाटीवर गिरवून शिकलेले दिसतात. 'कापून काय उपयोग, परत येतंच' हे मी बारा वर्षं ऐकलंय, त्यातली दोन-तीन वर्षं तर भाऊबीजेच्या ताटासमोर.

रजेचं आधी सांगून टाकते. डाव्या काखेसाठी मला दोन महिने लागले, उजव्या काखेसाठी चार दिवस. खर्चाचा माझा आकडा सहा वर्षांपूर्वीचा, तो आज सांगण्यात अर्थ नाही. माझी मेडिकल बिलाची फाईल तर अजून टेबलाटेबलांवरून फिरतेय. महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता मला सांगा, याआधी तुमचं कापलं म्हणजे नक्की काय केलं? चिरा मारला, पू काढला, वात भरली, गोळ्या लिहून दिल्या, हेच ना? त्याला मी ऑपरेशन म्हणत नाही. ठणका थांबवायला ते ठीक आहे, पण या आजारात कातडीखाली बोगदे तयार होतात. पू काढला की बोगदा रिकामा होतो, जात नाही. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भरतो. चिऱ्यानंतर परत आलं यात नवल काहीच नाही, न येतं तर नवल.

माझ्या डाव्या काखेला असे सात चिरे आहेत.

पहिला डी.एड.च्या वसतिगृहात असताना, एकोणिसाव्या वर्षी. आई म्हणाली काखमांजरी आहे, भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांध. दादा म्हणाला अंगात उष्णता आहे, आंबा बंद कर आणि सब्जा पी. रेक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, रोज आंघोळ करतेस ना? मी दिवसातून दोनदा करत होते. तिसऱ्या चिऱ्यानंतर डेटॉलच्या पाण्याने घासूनपुसून करायला लागले, त्याने कातडी आणखीच सोलवटली.

नोकरी लागली ती जत तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. फळ्यावर अगदी वर वार, दिनांक आणि सुविचार लिहायचा असतो. माझा सुविचार वर्षागणिक खाली सरकत गेला. डावखुरी आहे मी, आणि हात खांद्याच्या वर जाईना. शेवटी तिसरीतल्या पोरी बाकावर उभं राहून सुविचार लिहायच्या आणि मी खालून ऱ्हस्व-दीर्घ सांगायचे. ब्लाउज फक्त काळे नाहीतर गडद मरून, आत चौपदरी सुती रुमाल. एसटीत वरची दांडी धरता येत नाही म्हणून एक गाडी सोडून मागच्या गाडीने जायचे, बसायला मिळावं म्हणून. त्या वासाबद्दल लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

मधल्या काळात एका डॉक्टरांनी 'काखेत गाठी आहेत, टीबी असणार' म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. तुकडा तपासायला पाठवला नाही. लघवी केशरी व्हायची, तोंडाला चव नसायची, पण गंमत म्हणजे काख सुकली! सगळे खूश, निदान बरोबर ठरलं म्हणून. गोळ्या थांबल्यावर तीन महिन्यांत परत सगळं तसंच. पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी उलगडा केला: त्या गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन असतं, आणि तेच औषध क्लिंडामायसिनच्या जोडीने या आजारातही देतात. म्हणजे चुकीच्या निदानावर अर्धवट बरोबर औषध मिळालं आणि माझी आणखी दोन वर्षं गेली.

या डॉक्टर मिरजेला भेटल्या तेव्हा मी 31 वर्षांची होते, म्हणजे आज तुम्ही आहात तेवढीच. त्यांनी काख बघायच्या आधी विचारलं, 'जांघेतही होतं का?' बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. मग त्यांनी टॉर्च घेऊन जोडीने असलेले काळे ठिपके दाखवले, एकाच छिद्राला दोन तोंडं असल्यासारखे. म्हणाल्या, ही या आजाराची सही आहे. हर्ली नावाच्या डॉक्टरने 1989 मध्ये पाडलेल्या पायऱ्या आजही वापरतात: नुसती गळवं असतील तर पहिली, बोगदे आणि व्रण पण मध्ये चांगली कातडी असेल तर दुसरी, सगळं एकात एक मिसळलं की तिसरी. माझी डावी काख तिसरीत, उजवी दुसरीत. तुमची पायरी कुठली ते सर्जनला विचारा, कारण ऑपरेशन कुठलं ते त्यावरच ठरतं.

आणि स्वच्छतेचं एकदा बोलूनच घेते. व्हर्नय नावाच्या फ्रेंच सर्जनने 1854 मध्ये याला घामाच्या ग्रंथींचा दाह म्हटलं, आणि घामाचा तो शिक्का नावाला अजून चिकटलेला आहे. घाम म्हटलं की लोक साबण सुचवणारच. प्रत्यक्षात सुरुवात होते केसाच्या मुळाशी. केसाची पिशवी आधी तोंडाशी बुजते, मग कातडीच्या आत फुटते, आणि शरीराची दाह करणारी यंत्रणा तिथे वेड्यासारखी तुटून पडते. आपला 'केसतोड' हा शब्द त्या फ्रेंच नावापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळचा आहे. आजार संसर्गजन्य नाही, घाणीने होत नाही. रेक्टरबाई, वाचत असाल तर तुमच्यासाठी.

उजव्या काखेचं 'डीरूफिंग' झालं, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन. सर्जनने एका भोकातून बोथट सळई घातली आणि ती दोन बोटं पलीकडच्या भोकातून बाहेर आली. परकरात नाडी ओवतो ना आपण, अगदी तसं. म्हणाले, बघा, तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी दर वेळी फक्त हे एक तोंड उघडलं. मग सळईवरची कातडी, म्हणजे बोगद्याचं छप्पर, कापून काढलं, आत साचलेला लिबलिबीत भाग खरवडला आणि तळ तसाच उघडा ठेवला. त्याच दिवशी घरी.

डाव्या काखेचं वाइड एक्सिजन पूर्ण भूल देऊन. सगळे बोगदे, व्रण आणि केसाळ कातडी खालच्या चरबीपर्यंत एकत्र काढतात. माझी जखम माझ्या तळहाताएवढी होती. टाके घातले नाहीत, उघडी ठेवून आतून भरू दिली. तुमचे सर्जन कदाचित मांडीची कातडी लावतील नाहीतर शेजारची कातडी फिरवून आणतील. शेजारच्या कॉटवरच्या बाईंना ग्राफ्ट लावला होता, त्या काखेपेक्षा मांडीच्या नावाने ओरडायच्या. पद्धतीवरून सर्जनशी वाद घालू नका, पण जखम भरताना हात वर जायचा राहू नये म्हणून व्यायाम कधी सुरू करायचा, हे मात्र पहिल्या दिवशी विचारा.

पहिलं ड्रेसिंग घरी सोडलं तेव्हा नवरा मोरीच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसला. चौथ्या दिवसापासून तोच सलाईनने गॉज भिजवून, दहा मिनिटं थांबून, एका टोकाने असा सोडवायचा की नर्सने शिकून घ्यावं. गॉज कोरडा ओढू नका, डोळ्यांसमोर काजवे चमकतात. दुसऱ्या आठवड्यापासून भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मी रोज जिथवर बोट पोचेल तिथे खडूने रेघ आणि तारीख. काही दिवस एकाच रेघेवर तीन-तीन तारखा आहेत. जखम पूर्ण भरायला नऊ आठवडे लागले. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सुविचार मी लिहिला, फळ्याच्या चौकटीला टेकेल इतका वर.

सहा वर्षं झाली, डाव्या काखेत एक गळू नाही. उजवीत कडेला एकदा झालं, कारण तिथे कमी काढलं होतं.

आता दादा. गेल्या वर्षी मला जांघेत गळू झालं. हे मी वहिनीला सांगितलं, तिने त्याला, आणि त्याचा लगेच फोन: 'बघ, आलंच ना परत.' अरे बाबा, काख आणि जांघ! शेताच्या एका तुकड्यातली हराळी मुळासकट खणून काढली आणि बांधापलीकडच्या तुकड्यात उगवली, तर खणणं वाया गेलं का? डाळिंबाची बाग करणाऱ्या माणसाला हे मी समजवायचं? ऑपरेशन आजार बरा करत नाही, ती जागा मोकळी करतं. आजार अंगात राहतो, त्याला औषधं चालू ठेवावी लागतात. तुमच्या घरच्यांना हे एवढंच सांगा. मी दादाला तीनदा सांगितलंय, तो ऐकून घेतो आणि सातचा पाढा म्हणतो: सात वेळा कापलं, सात वेळा आलं. आठवी वेळ त्याच्या हिशोबातच नाही.

औषधांचं थोडक्यात, कारण ते डॉक्टरांचं काम. आधी डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या, मग वर सांगितलेली जोडी. त्यानंतर अडॅलिमुमॅबची इंजेक्शनं, अमेरिकेत 2015 पासून या आजारासाठी मान्य झालेली. त्याची भारतीय आवृत्ती 2014 पासून मिळते, तरी दर आठवड्याला घ्यायचं म्हणजे खिसा बघूनच. त्याआधी टीबीची तपासणी करतातच. दबलेला टीबी या औषधाने वर येऊ शकतो, त्यामुळे तिथे घाई नको. काही डॉक्टर ऑपरेशनच्या आधी ही इंजेक्शनं देऊन दाह खाली आणतात.

लिहायचं राहिलं: सगळ्यांनी कापून घ्यावं असं मी म्हणत नाही. पहिल्या पायरीवर असाल तर बहुतेक गरजच नसते. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर आधी तो सोडा, वजन आणि साखर बघा. वजन जास्त असणाऱ्या आणि धूम्रपान करणाऱ्या लोकांत हा आजार अधिक दिसतो. मी दोन्हींत बसत नाही, तरी झालाच. काढलेली कातडी पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. बैठकीच्या जागी वर्षानुवर्षं जुने व्रण असतील तर क्वचित त्यात कॅन्सर निघतो, त्यामुळे तिथलं दुखणं लाजून लपवू नका. आणि सर्जन असा निवडा ज्याने हे ऑपरेशन आधी केलंय, नुसती गळवं फोडलेली नाहीत.

तुमच्या प्रश्नाला मी एवढं लांबलचक का लिहिलं, तर हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालतो. दादाची मुलगी सोळा वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिच्या काखेत चिरा मारून आणला, सहा महिन्यांतला दुसरा, आणि दादाने तिचे आंबे बंद केलेत. वहिनीला फोनवर मी एकच प्रश्न विचारला, जांघेतही होतं का? पलीकडे बराच वेळ नुसता मिक्सरचा आवाज. मग म्हणाली, 'हो, पण यांना माहीत नाही.' रविवारी दोघी मिरजेला येतायत, माझ्यासाठी साडी घ्यायला म्हणून. मी स्टँडवर आठला थांबणार आहे.