नऊ संगणकांच्या सीए ऑफिससाठी नॅस कोणता घ्यावा: दोन खणांचा की चार?

नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना वापरता येणारा डिस्कांचा डबा; खण म्हणजे त्यात एक डिस्क बसवायची जागा. प्रश्न थोडक्यात असा आहे: नऊ संगणक, त्यातले दोन लॅपटॉप. टॅली, एक्सेल आणि स्कॅन केलेले पीडीएफ मिळून साधारण ९०० जीबी डेटा, दरवर्षी १५० जीबीची भर. सध्या एका पीसीला लावलेली एक्स्टर्नल डिस्क सगळ्यांना शेअर केलेली आहे. आयटीचा माणूस ऑफिसात नाही.

मॉडेल बघण्याआधी ऑफिसच्या मालक सरांना दोन गोष्टी विचारून घ्या. ३० सप्टेंबरच्या आठवड्यात, टॅक्स ऑडिटच्या ऐन गर्दीत, सकाळी डेटा गायब दिसला तर काम किती तासांत परत सुरू व्हायला हवं? आणि किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? बहुतेक ऑफिसांत उत्तर येतं ‘अर्धा दिवस’ आणि ‘फार तर एक दिवसाचं’. तेच धरून पुढचं लिहितो.

आता जागेचा हिशोब. आजचे ९०० जीबी, पाच वर्षांची भर ७५०, म्हणजे १,६५०. नऊ संगणकांचा पूर्ण बॅकअप नॅसवर घेणार असाल (घ्याच) तर जुन्या आवृत्त्या धरून आणखी सुमारे १,००० जीबी. स्नॅपशॉटसाठी, म्हणजे फाइलींची त्या-त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती, ३०० धरा. बेरीज २,९५० जीबी. व्हॉल्यूम (नॅसमधली वापरायची जागा) ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, म्हणजे हाताशी साधारण ३,७०० जीबी हवेत. ४ टीबीची डिस्क संगणकात ३.६३ टीबीच दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १,०२४ च्या. तेव्हा ४ टीबी तुम्हाला अगदी काठोकाठ, वाव काहीच उरत नाही. ६ टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि त्या रेड १ मध्ये, म्हणजे एकमेकींच्या हुबेहूब प्रती म्हणून लावा. वापरायला ५.४५ टीबी मिळतील.

डबा मात्र चार खणांचा घ्या आणि दोन खण रिकामे ठेवा. जागा कमी पडली की तिसरी डिस्क घालून वाढवता येतं. दोन खणांच्या डब्यात वाढवायचं म्हणजे दोन्ही डिस्क एकेक करून बदलायच्या. चारही खण आजच भरून रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा बेताने तो सगळ्या डिस्कवर वाटणारी रचना) करण्यात तुमच्यासारख्या ऑफिसला फायदा दिसत नाही. रेड १ ची आणखी एक सोय आहे: डबाच जळाला तर त्यातली एक डिस्क लिनक्स चालणाऱ्या पीसीला लावून डेटा वाचता येतो. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने तर उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) हे कसं करायचं याची कृतीच दिलेली आहे.

कंपनीबद्दल. आयटीचा माणूस नसलेल्या ऑफिसला मी सिनॉलॉजीची ‘प्लस’ मालिका सुचवेन. कारण हार्डवेअरपेक्षा सॉफ्टवेअर: विंडोज पीसीचा पूर्ण बॅकअप घेणारं ‘ॲक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस’ त्यात वेगळ्या लायसन्सशिवाय मिळतं, आणि बीटीआरएफएस फाइल सिस्टिममुळे स्नॅपशॉट मिळतात. त्याच पैशांत क्यूनॅप (दुसऱ्या कंपनीचा नॅस) बहुधा जास्त रॅम आणि वेगवान पोर्ट देतो, पण त्याच्याकडे लक्ष देणारं कुणी तरी हवं. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी (खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसांनी) इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपवरच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. सिनॉलॉजीही यातून सुटलेली नाही. २०१४ मध्ये सिनोलॉकर येऊन गेला. ट्रूनॅस हे नॅसचं मोफत सॉफ्टवेअर टाकून स्वतः मशीन बांधणं उत्तम, पण ते बांधणारा माणूस पुढची पाच वर्षं फोन उचलणार असेल तरच.

२०२५ च्या प्लस मॉडेलांबद्दल एक इशारा. सुरुवातीला त्यांत सिनॉलॉजीने मान्य केलेल्या डिस्कच चालायच्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम (सिनॉलॉजीची ऑपरेटिंग सिस्टिम) ७.३ आल्यावर साध्या ३.५ इंची डिस्कवरची ती अट निघाली. तेव्हा नवा डबा पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा ७.३ किंवा पुढचीच आवृत्ती टाका.

डिस्कबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पैसे वाचवायला लोक नेमके इथे चुकतात. साधी डेस्कटॉप डिस्क नॅसमध्ये चालते, पण एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती बराच वेळ, कधी मिनिटभरही, प्रयत्न करत बसते. तेवढ्यात रेडला वाटतं डिस्क मेली, आणि ती बाहेर काढली जाते. नॅससाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते आणि रेड दुसऱ्या डिस्कवरून तो तुकडा आणतं. दुसरी गोष्ट एसएमआर आणि सीएमआर, म्हणजे डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे सलग खूप लिहायचं झालं की वेग कोसळतो. नवी डिस्क घालून रेड पुन्हा बांधताना नेमकं तेच करायचं असतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या साध्या ‘रेड’ (म्हणजे लाल, वरच्या रेडशी संबंध नाही) नावाच्या २ ते ६ टीबी डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. तुम्ही ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ घ्या, दोन्ही सीएमआर आहेत. ६ टीबीची रेड पुन्हा बांधायला दीडशे एमबी प्रतिसेकंद वेगाने अकरा तास लागतात, आणि लोक काम करत असतील तर त्याहून जास्त.

दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून घेऊ नका. दोन दुकानांतून किंवा दोन आठवड्यांच्या अंतराने घ्या. एकाच बॅचच्या डिस्क एकाच सुमारास जाण्याची शक्यता असते. दुकानदाराकडून सीरियल नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते पैसे देण्याआधी बघा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क वापराच्या तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं होतं, म्हणून फक्त पॅकिंगवर विसंबू नका. डिस्क आली की डेटा टाकण्याआधी स्मार्टची (डिस्कने स्वतःचीच तब्येत तपासायची सोय) विस्तारित चाचणी लावा. ६ टीबीला रात्रभर लागेल. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींत (त्या खराब सेक्टर मोजतात) ‘रॉ’ रकान्यात शून्य दिसायला हवं. नव्या डिस्कवर तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर ती लगेच परत करा.

आता टॅली. टॅलीचं मल्टियुजर लायसन्स विंडोजच्या मशीनवरच बसतं, नॅसवर नाही. टॅलीचा चालू डेटा नॅसच्या शेअरवर ठेवता येतो, पण मी ठेवणार नाही. टॅली एकेका नोंदीला असंख्य बारीक वाचन-लेखन करते, आणि मध्येच लॅपटॉपचं वाय-फाय तुटलं की कंपनीचा डेटा दुरुस्त करत बसावं लागतं. एसएसडी असलेला एक बरा विंडोज पीसी टॅलीसाठी ठेवा, सगळे तिथे केबलने जोडा, आणि रोज रात्री त्याचा बॅकअप नॅसवर जाऊ द्या. कंपनी उघडी असताना नुसतं फोल्डर कॉपी करणारा बॅकअप अर्धवट होऊ शकतो. रात्री नऊनंतरची वेळ लावा आणि शेवटी जाणाऱ्याने टॅली बंद करूनच जायचं, असा नियम करा.

नेटवर्क. गिगाबिट लाइनवर खरा वेग ११० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास मिळतो, आणि पीडीएफ-एक्सेलला तो भरपूर आहे. २.५ गिगाबिटसाठी जादा पैसे मोजू नका. नवा नॅस लावूनही वेग ११-१२ एमबीच्या पुढे जात नसेल तर दोष नॅसचा नाही, लाइन गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर अडकली आहे. कारणं ठरलेली: इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरचे १०० चे पोर्ट, जुना स्विच, किंवा सीसीटीव्हीवाल्याने आठपैकी चारच तारा जोडलेली केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात. शुद्ध तांब्याची कॅट ५ई केबल पुरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, ती घेऊ नका. १६ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्या, नॅस त्यालाच जोडा आणि राउटरमध्ये नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा.

जोडणीच्या दिवशी दोन अडचणी हमखास येतात. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पाहुण्या खात्याने, म्हणजे पासवर्डविना, शेअर उघडू देत नाही. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि पासवर्ड द्या. लोक इथे सेटिंग ढिली करून वेळ मारून नेतात, ते करू नका. दुसरी अडचण स्कॅन करणाऱ्या जुन्या झेरॉक्स मशीनची. त्याला एसएमबीची (विंडोजचं फाइल शेअर करण्याचं तंत्र) पहिली आवृत्ती लागते, आणि नॅसवर ती बंद असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर त्याच आवृत्तीतल्या भोकातून पसरला होता. ती चालू करण्याऐवजी मशीनवर एफटीपीने (फाइल पाठवायची जुनी, साधी पद्धत) स्कॅन पाठवायची सोय असते ती वापरा, आणि त्यासाठी फक्त ‘स्कॅन’ फोल्डरमध्येच लिहू शकेल असं वेगळं खातं काढा.

फोल्डरांची रचना साधी ठेवा: क्लायंट, ऑफिस, पगार, स्कॅन, बॅकअप. परवानग्या माणसांना न देता गटांना द्या: भागीदार, स्टाफ, आर्टिकल (सीएची उमेदवारी करणारी मुलं). आर्टिकल मुलं दोन-तीन वर्षांत जातात. गेली की खातं त्याच दिवशी बंद करायचं, एवढंच काम उरतं. ‘बॅकअप’ फोल्डर कुठल्याही संगणकावर ड्राइव्ह म्हणून जोडू नका, सरांच्याही नाही. रॅन्समवेअर त्या संगणकाला जे जे दिसतं ते सगळं कुलूपबंद करतं.

रेड १ डिस्क मेली तर वाचवतं. चुकून काढलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. त्यासाठी स्नॅपशॉट: कामाच्या वेळेत दर तासाला एक, २४ तासांचे तासागणिक, ३० दिवसांचे रोजचे आणि सहा महिन्यांचे मासिक ठेवा. मग फाइल गेली की विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘मागील आवृत्त्या’ उघडली की माणूस स्वतःच ती परत आणतो. ठरावीक दिवस प्रशासकालाही पुसता येणार नाहीत अशा स्नॅपशॉटची सोय डीएसएममध्ये आहे, ती ‘क्लायंट’ फोल्डरला लावा.

पण चोरी, आग आणि शॉर्टसर्किट यांत डबाच जातो. म्हणून दोन यूएसबी डिस्क घ्या. एक नॅसला, दुसरी सरांच्या घरी, दर शुक्रवारी अदलाबदल. बॅकअप एन्क्रिप्ट करा आणि त्याची किल्ली कागदावर छापून लॉकरमध्ये ठेवा. ती फक्त नॅसवरच ठेवली तर नॅस गेल्यावर दोन्ही डिस्क निरुपयोगी. सोबत क्लाउड हवा असेल तर डेटा सेंटर भारतातलंच निवडा. ॲमेझॉनचं मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. कारण तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटना ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. त्यांचं काम तुमच्याकडे असेल तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच. पहिला १ टीबी २० एमबीपीएसच्या अपलोडवर चढायला जवळपास पाच दिवस लागतील. तो दिवाळीच्या सुट्टीत चढवा.

घरून काम करायला राउटरमध्ये पोर्ट उघडू नका आणि यूपीएनपी (स्वतःहून पोर्ट उघडणारी सेटिंग) बंद करा. वर सांगितलेले नॅसवरचे हल्ले याच दारातून आले. शिवाय आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतोच. टेलस्केल (दोन मशीन इंटरनेटवरून खासगीपणे जोडणारं सॉफ्टवेअर) नॅसवर आणि लॅपटॉपवर बसवा, काम होतं. ‘ॲडमिन’ नावाचं खातं बंद करून दुसऱ्या नावाने प्रशासक खातं करा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

यूपीएसला फाटा देऊ नका. चार खणांचा नॅस दोन डिस्कसह ४० वॅटच्या आतच खातो, त्यामुळे ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. पण नॅसला ‘वीज गेली’ हे कळवायला त्याला डेटा पोर्ट हवं, आणि स्वस्त ६०० व्हीए मॉडेलांत ते बहुधा नसतं. घेताना पाठीमागे बघा, आणि ते मॉडेल नॅसच्या सुसंगत यादीत आहे का तेही. वीज गेल्यावर पाच मिनिटांनी नॅसने स्वतःहून बंद व्हायला हवं. लावल्यावर मेन स्विच पाडून एकदा बघाच.

बजेट आखडलं तर चारऐवजी दोन खणांचा डबा घ्या, पण डिस्क त्याच ६ टीबीच्या घ्या. यूपीएस आणि घरी जाणारी डिस्क यांना कात्री लावू नका.

सगळं लागलं की पहिल्याच महिन्यात एखाद्या क्लायंटचं पूर्ण फोल्डर यूएसबी डिस्कवरून एका रिकाम्या पीसीवर परत आणा आणि घड्याळ लावा. अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागत असेल तर सरांना सांगितलेला आकडा बदला किंवा बॅकअपची पद्धत बदला. ही तालीम दर तीन महिन्यांनी करा. आणि सध्याची ती शेअर केलेली एक्स्टर्नल डिस्क लगेच पुसू नका. नवी व्यवस्था तीन महिने नीट चालेपर्यंत ती तशीच कपाटात राहू दे. कंपनी कायद्यानुसार हिशोबाच्या वह्या आठ वर्षं आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, त्यामुळे त्या डिस्कवरचं जुनं काही नॅसवर यायचं राहिलं असेल तर ते मागणी आल्यावरच लक्षात येईल.