पंख्यासारखं उलगडणारं घडीचं चित्रपुस्तक करतेय. मित्रांना दाखवलं की सगळे ‘छान’ म्हणतात, नाहीतर प्रत्येक जण वेगळंच सुचवतो. उपयोगी फीडबॅक कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की पुस्तक पुण्याच्या मुठा नदीवर, खडकवासल्यापासून संगमापर्यंत, आहे, आठ पानांचं, आणि रंगवलेली चित्रं तुम्ही वर्गात दाखवताय. गडबड तिथेच आहे. एवढी मेहनत समोर दिसत असताना ‘तिसरं पान काढून टाक’ असं कोण म्हणेल? रंग लावायच्या आधी पेन्सिलीची डमी, म्हणजे कच्चा नमुना, दाखवा.

डमी खऱ्या मापाची हवी. १० × १४ सेंमीचे आठ सुटे तुकडे कापा आणि मागून मास्किंग टेपने जोडा, म्हणजे एखादं पान बदलायचं झालं तर सगळं परत करावं लागत नाही. नदीचा काठ प्रत्येक घडीवर एकाच उंचीला, समजा तळापासून ५ सेंमीवर ठेवलात, तर बदललेलं पान शेजारच्याशी आपोआप जुळतं. पानांची संख्या मात्र समच ठेवा. विषम झाली तर पुस्तक मिटल्यावर शेवटचं चित्र बाहेरच्या बाजूला येतं.

तीन-चार जण पुरेत, पण त्यातल्या एकाने तरी हे काम आधी पाहिलेलं नसावं. डमी हातात द्या आणि गप्प बसा. ‘हे ओंकारेश्वराचं देऊळ बरं का’ असं सांगितलंत की ती चाचणी वाया गेली. वाचणाऱ्याच्या हातांकडे बघा. काही जण पुस्तकासारखी पानं उलटतात. त्यांना १-२, ३-४ अशा जोड्या दिसतात. काही जण ८० सेंमीची सगळी पट्टी टेबलावर पसरतात. लकडी पूल २ आणि ३ वर पसरला असेल तर पानं उलटणाऱ्याला तो एका वेळी अर्धाच दिसतो, कारण ती घडी बाहेर येणारी आहे. तो तक्रार करणार नाही, नुसता पुढे जाईल. ही चूक तोंडी अभिप्रायात कधीच येत नाही. पूल ३-४ वर न्या आणि बाहेरच्या घड्यांवरून फक्त पाणी वाहू द्या.

वाचून झाल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’च असतं. ‘काय काय पाहिलंस ते क्रमाने सांग’, ‘कुठे मागे जाऊन परत बघावं लागलं?’ एवढंच विचारा. उत्तरं त्या त्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, माणसागणिक वेगळ्या रंगाने. एकाच पानामागे दोन रंग आले की तिथे खरोखर अडतंय असं धरा. त्यावर मित्र जो उपाय सुचवतील तो मात्र बाजूला ठेवा. ‘इथे एक माणूस काढ’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. एकट्यालाच निळा भडक वाटला, तर ती त्याची आवड.

शेवटची फेरी खऱ्या कागदाची. एका ए३ कागदातून (४२० × २९७ मिमी) १४ सेंमी उंचीच्या दोन पट्ट्या निघतात. पहिलीला जोडासाठी १५ मिमी जास्त ठेवा आणि ती कड पाचव्या पानामागे चिकटवा. कागद घेताना, अप्पा बळवंत चौकात काय किंवा आणखी कुठे, तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. सहज वाकतो तेव्हा वळणाची जी रेघ दिसते ती ग्रेनची, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, आणि घड्या तिला समांतर हव्यात. आडव्या गेल्या तर कडा फाटल्यासारख्या दिसतात आणि पुस्तक फुगतं. कागद १७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) वर असेल तर क्रीझिंग करूनच, म्हणजे घडीच्या रेषेवर आधी दाबून खाच पाडूनच, दुमडा.

हा नमुना मित्रांना दहा-बारा वेळा उघडमिट करायला लावा. डिजिटल प्रिंटमध्ये गडद रंग घडीवर असेल तर टोनर (छपाईची रंगीत पूड) उडून पांढरी रेघ दिसू लागते. तसं झालं तर तेवढ्या पट्ट्यात रंग फिका करा. मुखपृष्ठाचा पुठ्ठा २ मिमीचा आणि पानापेक्षा चहूबाजूंनी ३ मिमी मोठा घ्या, फेव्हिकॉल पातळ थरात लावा, आणि पावसाळ्यात तर रात्रभर वजनाखाली ठेवल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.