मुलगी नॉर्वेजियन शिकतेय, जर्मन घ्यायला लावू का?

नाशिकहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, पहिल्यापासून इंग्लिश मीडियम, डोक्यात एकच की नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला एनटीएनयू या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायचं, आणि त्यासाठी रोज रात्री डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर नॉर्वेजियन चालू. आईंचं म्हणणं असं की तिथे सगळे इंग्रजी बोलतात, कोर्सही इंग्रजीतच आहे, मग तोच वेळ जर्मनला दिला तर निदान इथे तरी नोकरी मिळेल.

ताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. भाषेवरच पोट भरायचं असेल तर पुण्यात जर्मनला काम आहे, जपानीला आहे, नॉर्वेजियनला जवळपास नाहीच, अख्ख्या देशाची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, काम येणार कुठून. पण तिला नॉर्वेत इंजिनिअर व्हायचंय ना? मग तिथे जर्मन घेऊन काय करणार ती. आधी देश पक्का करा. तो पक्का नसेल तर मात्र सरळ जर्मन, मी तुमच्या बाजूने.

सगळे इंग्रजी बोलतात हे खरंय आणि गोची तिथेच आहे. दुकानात तिने अडखळत दोन वाक्यं टाकली की समोरचा लगेच इंग्रजीवर येणार, बिचारा मदत म्हणूनच, आणि असं करत करत दोन वर्षं निघून जातात, डिग्री हातात आणि भाषा शून्य. मग नोकरी शोधायला बसलं की निम्म्या जाहिराती वाचतानाच अडायला होतं. तेल-वायू, जहाजं, सॉफ्टवेअर यातल्या मोठ्या कंपन्यांत इंग्रजीवर निभावतं बऱ्याचदा, पण छोट्या कंपन्या, नगरपालिकेची कामं, साइटवरच्या सेफ्टी मीटिंगा, तिथे नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरच्या विद्यार्थ्याला डिग्रीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळू शकतो, त्या वर्षात भाषा पहिल्या धड्यापासून सुरू केली तर हातात काय उरणार?

आता अवघड किती. चांगलं इंग्रजी येणाऱ्याला वाचायला खरंच सोपी आहे, अमेरिकन सरकार आपल्या परराष्ट्र खात्यातल्या लोकांना भाषा शिकवतं त्यात नॉर्वेजियन सगळ्यात सोप्या गटात आहे, साधारण ६०० तास वर्गाचे, जर्मनला त्याहून जास्त. क्रियापदाला मी-तू-तो-आम्ही सगळ्यांना एकच रूप. अडतं ते क्रियापदाच्या जागेवर, म्हणजे 'आज'ने वाक्य सुरू केलं तर 'इ डाग स्पिसर याय फिस्क', आज खाते मी मासे, क्रियापद दुसऱ्याच नंबरला पाहिजे. इंग्रजीच्या सवयीने 'मी' आधी येतो आणि चुकतं. लिंगं तीन, त्याने इंग्रजीवाले वैतागतात, तुमच्या घरात मराठी आहे त्यामुळे तिला त्याचं नवल नाही, पाठ मात्र करावीच लागतील.

खरा घाम फुटतो ऐकताना. बोलण्याची अशी ठरवून दिलेली प्रमाण बोलीच नाही तिथे, मंत्रीसुद्धा संसदेत आपल्या गावच्या बोलीत बोलतो आणि कुणी हसत नाही, म्हणजे आपल्या विधानसभेत मालवणी नि वऱ्हाडी सर्रास चालावी तसं. 'मी'ला ऑस्लोत 'याय', बर्गनला 'एग' आणि ट्रॉन्डहाइमला नुसतं 'अ‍ॅ'. अ‍ॅप शिकवतं ते ऑस्लोच्या बाजूचं, आणि ही चाललीय ट्रॉन्डहाइमला! लिहायच्याही दोन पद्धती आहेत, बुकमोल आणि नीनोर्स्क, तिने बुकमोल धरावी, दुसरी वाचून समजली तरी पुरे.

म्हणून तिला सांगा की डुओलिंगो शब्दांपुरतं ठेव आणि उरलेला वेळ कानांना दे. एनटीएनयूचाच 'नॉर्वेजियन ऑन द वेब' म्हणून फुकट ऑनलाइन कोर्स आहे, त्याने सुरुवात करावी, मग एनआरके या तिथल्या सरकारी रेडिओचे कार्यक्रम आणि 'क्लार टाले' हे सोप्या भाषेतलं वर्तमानपत्र, मोठ्याने वाचायचं, लाजायचं नाही. जाण्याआधी ए-टू, म्हणजे रोजचं साधं बोलण्यापुरती पातळी, झाली तर उत्तम, मास्टर्स संपेपर्यंत बी-टू, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येण्याइतकी, त्यासाठी नॉर्स्कप्रोव्हे ही परीक्षा असते. आणि तिथे गेल्यावर पहिल्याच सेमिस्टरला युनिव्हर्सिटीचा भाषेचा कोर्स घ्यायचा, 'नंतर बघू' अजिबात नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. नॉर्वेत शिक्षण फुकट असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतायत, ते विसरा, २०२३ च्या ऑटम सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या नवीन विद्यार्थ्यांना फी लागते आणि ती कमी नाही. पीएचडीचं वेगळं, ती तिथे बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते. मास्टर्सच्या फीचा आकडा कोर्सप्रमाणे बदलतो, तो एनटीएनयूच्या साइटवरून काढा, राहण्याचा खर्च त्यात धरा आणि मग बँकेत लोनचं विचारायला जा.