मजुरी सरकारची, विटा कुणाच्या?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझी पत्नी बारा वर्षं पश्चिम बाल्टिमोरमध्ये राहतो. आमच्या गल्लीत एका बाजूला एकमेकांना खेटून २२ घरं आहेत, संगमरवरी पायऱ्यांची. त्यांतली ९ रिकामी आहेत, खिडक्यांना प्लायवुड ठोकलेलं. वस्तीच्या मंडळाचा मी खजिनदार आहे. आमच्यातल्या एका तरुण शिक्षिकेनं सुचवलं, की फेडरल कामगार खात्याचं यूथबिल्ड अनुदान मागू या. शाळा सुटलेल्या, काम नसलेल्या पोरांना बांधकाम शिकवायचं आणि त्यांच्याच हातून ही घरं उभी करायची. सगळ्यांना कल्पना आवडली आहे. मला मात्र झोप नाही, कारण अर्जावर सही माझी लागणार. या पैशातून नऊ घरं होतील का? आणि अनुदान संपल्यावर त्या पोरांचं काय?
– एक वाचक, बाल्टिमोर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सही आत्ता करू नका. अर्ज फाडून टाका असं मात्र मी म्हणत नाही. तुमच्या शिक्षिकेची कल्पना खरी आहे, आणि ती बुडू नये म्हणूनच थांबा म्हणते.

रोजगाराचं अनुदान हाताला पैसे देतं, विटेला देत नाही. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. मी तो दोनदा डोळ्यांनी पाहिला आहे.

पहिल्यांदा बहात्तरच्या दुष्काळात. मी तेव्हा सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा करत होते. सुट्टीत गावी जाताना रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग दिसायचे, संपता संपायचे नाहीत. आमच्या शेजारची काकू मस्टरवर होती. लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन दिवसभर दगड फोडायची. त्या कामांनी माणसं जगवली, त्यांचं मोल मी कधी कमी लेखणार नाही. पण आमच्या गावच्या रस्त्यावर ती खडी तशीच पडून राहिली. मजुरीला पैसा आला होता, डांबराला आला नव्हता.

दुसऱ्यांदा न्यू यॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये. लग्न होऊन मी १९७७ मध्ये इथे आले. घरमालक इमारती सोडून जात होते, घरं जळत होती, करबुडीत इमारती शहराच्या गळ्यात पडत होत्या. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवरच्या विटा-मातीत उभे राहिले. तो फोटो पुढे सगळीकडे छापला गेला. त्याच फेरीत ते वॉशिंग्टन अॅव्हेन्यूवरही गेले होते. तिथे रहिवाशांनी स्वतः राबून एक इमारत सावरली होती. त्या भेटीची आठवण मात्र फार कुणी काढत नाही.

पुढच्या वर्षी मला जवळच्याच एका लहान संस्थेत अंदाजपत्रकं करायचं काम मिळालं. वस्तीतल्या पोरांकडून रिकाम्या इमारती दुरुस्त करून घेणारी ती संस्था. माझा पगारही फेडरल रोजगार अनुदानातून यायचा. कायद्याचं नाव 'सीटा'. निक्सननी डिसेंबर १९७३ मध्ये त्यावर सही केली आणि १९७८ पर्यंत देशभरात सात लाखांहून जास्त माणसं त्यातून सार्वजनिक कामांवर होती. पैसा पगाराचा आणि शिकवण्याचा. लाकूड, नळ, वायर, खिडक्या यांचा खर्च शहराच्या कर्जातून किंवा दुसऱ्या अनुदानातून उभा करायचा.

आमच्याकडे मजुरी वेळेवर आली. मालाचं कर्ज अडकलं. आज मंजूर होतं, उद्या होतं, असं चाललेलं. पोरं सकाळी आठला हजर, आणि हजेरीपत्रकावर काम दाखवल्याशिवाय पगार निघत नाही. मग काय करणार? तोडायला माल लागत नाही. पहार, घण आणि कचऱ्याचा डबा एवढ्यात भागतं. पोरं त्याला इंग्रजी 'gut' वरून 'गट करणं' म्हणायची: पार्टिशन, प्लास्टर, जुने पाइप, खिडक्या, सगळं काढून विटांचं रिकामं खोकं ठेवायचं. एक इमारत गट झाली, मग दुसरी, मग तिसरी. हजेरीपत्रकं भरलेली होती आणि अहवाल सुरेख होते. जानेवारीत तीन इमारती खिडक्यांविना उघड्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यावर बर्फ साचला होता. वासे भिजले, भिंतीत शिरलेली त्यांची टोकं सडायला लागली. शहरानं अखेर तिन्ही इमारती बंद केल्या. अंदाजपत्रक माझं होतं. तोडायच्या कामाला 'थांबा' म्हणायचा अधिकारही माझा होता, आणि मी म्हटलं नाही.

१९७८ च्या दुरुस्तीनं या नोकऱ्यांना अठरा महिन्यांची मर्यादा घातली. मुदत संपताना एक एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागायला आला. नजरेनं जिन्याच्या पायऱ्यांची मापं सांगायचा तो, आणि मापं बरोबर निघायची. पण जिना बांधायची वेळच आली नव्हती. त्याच्या दाखल्यावर मी 'तोडकाम' एवढाच अनुभव लिहू शकले.

तिथून थोड्याच अंतरावर केली स्ट्रीट. केळीसारखी वळलेली गल्ली, म्हणून तिथल्या लोकांच्या संस्थेचं नाव 'बनाना केली'. १९७७ मध्ये पाडायच्या यादीत गेलेल्या तीन इमारती रहिवाशांनी धरून ठेवल्या. 'डोन्ट मूव्ह, इम्प्रूव्ह' ही त्यांची घोषणा. आधी स्वतःचा घाम घातला, सरकारी मजुरी मागून आली. तिथे राहणार कोण हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, त्यामुळे कर्जाच्या कागदामागे रोज कुणीतरी धावायचं. मॅनहॅटनमध्ये ईस्ट ११ व्या रस्त्यावर ५१९ क्रमांकाच्या जळक्या इमारतीतही तसंच झालं. मजुरी सीटाची, माल शहराच्या कर्जाचा, मालकी राबणाऱ्या कुटुंबांची. १९७६ मध्ये त्यांनी गच्चीवर सूर्यतापक आणि पवनचक्कीसुद्धा बसवली. पैसा तोच होता, ब्राँक्समध्ये आम्हाला मिळाला तोच.

आता तुमचा अर्ज. यूथबिल्डचं मूळ न्यू यॉर्कमधलंच आहे. १९७८ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये डोरोथी स्टोनमन यांनी किशोरांना विचारलं, वस्तीसाठी तुम्हाला काय करावंसं वाटतं? रिकाम्या इमारती दुरुस्त कराव्यात असं उत्तर आलं. १९९२ मध्ये त्याचा फेडरल कार्यक्रम झाला, आणि सुरुवातीला तो गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे 'हड'कडे होता. २००६ मध्ये तो कामगार खात्याकडे गेला. खजिनदारानं हे लक्षात ठेवायला हवं. कामगार खातं विचारतं, किती मुलांनी शाळेचं प्रमाणपत्र मिळवलं, किती नोकरीला लागली. घर हे त्यांच्या लेखी शिकण्याचं साधन आहे. १६ ते २४ वयाची मुलं काही वेळ वर्गात, काही वेळ साइटवर. शिक्षक, मुकादम, मुलांचा भत्ता यांत पैसा जातो. शिवाय अनुदानाच्या एक चतुर्थांश रक्कम फेडरल तिजोरीबाहेरून तुम्हाला उभी करावी लागते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आलं: या पैशातून नऊ घरं होणार नाहीत. एकही होणार नाही, जर मालाचा पैसा वेगळा बांधलेला नसेल. तो शहराकडे येणाऱ्या हडच्या 'होम' या घरबांधणी निधीतून किंवा सामुदायिक विकास निधीतून, राज्याच्या योजनेतून किंवा बँकेकडून येऊ शकतो. कुठूनही येवो, मंजुरीचं पत्र हातात हवं. 'विचाराधीन' हा शब्द असलेलं पत्र मी पत्र मानत नाही.

नऊची भाषा सोडा. दोन घरं धरा. कुठली दोन, यावर मंडळात वाद होईल, म्हणून माझं मत सांगते: ज्या रिकाम्या घराच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात, ते आधी. तुमच्याकडे भिंत सामाईक असते. रिकाम्या घराचं छप्पर गळलं की पाणी शेजारच्या आजींच्या भिंतीत उतरतं. असं एक घर कोरडं केलंत की तीन घरं वाचतात. कोपऱ्यावरचं घर फोटोत छान दिसेल, पण ते नंतर.

त्या दोन घरांची मालकी आधी तपासा. बाल्टिमोरची एक जुनी खोड आहे, ग्राउंड रेंट. घर एकाचं, खालची जमीन दुसऱ्याची, आणि तिचं भाडं वर्षानुवर्षं थकलेलं असू शकतं. कर आणि दंडाची थकबाकी घराच्या किमतीहून जास्त झाली असेल, तर शहर ते घर ताब्यात घेऊ शकतं. त्या रांगेत तुमची घरं आहेत का ते विचारा. मालकी स्वच्छ नसलेल्या घरावर एक खिळासुद्धा ठोकू नका.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनं आत जाऊन लेखी दिल्याशिवाय एकाही मुलाला उंबरा ओलांडू देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये तुमच्याच शहरात स्ट्रिकर स्ट्रीटवर आग लागलेलं रिकामं घर कोसळून अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. ती शिकलेली, तयारीची माणसं होती. छप्पर पहिलं, ते अनुभवी कंत्राटदाराकडून करून घ्या. अठराच्या आतल्या मुलांना छपरावर किंवा तोडकामावर लावायला फेडरल बालमजुरी नियमांचीच मनाई आहे. शिशाचा रंगही विसरू नका. बाल्टिमोरनं घरांच्या आतल्या रंगात शिसं १९५१ मध्येच बंद केलं, देशानं १९७८ मध्ये. तुमची घरं त्याहून जुनी असणार. कोरडं घासकाम अजिबात नको. ती धूळ पोरांच्या कपड्यांवरून घरच्या तान्ह्या भावंडांपर्यंत पोचते. आम्ही ब्राँक्समध्ये तोंडाला फडकं बांधून काम केलं. ते आठवलं की आजही माझा जीव घाबरतो.

तुमचा दुसरा प्रश्न, पोरांचं पुढे काय, तो मला जास्त जवळचा आहे. तुमच्या अर्जात शेवटचा महिना आधी लिहा. कुठला कंत्राटदार, कुठल्या युनियनचा शिकाऊ वर्ग, किती जागा, हे नावानिशी आणि लेखी. इथे तुमच्या हाताशी एक कलम आहे. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याच्या सेक्शन थ्रीनुसार हडच्या पैशातून होणाऱ्या बांधकामात श्रमाच्या तासांपैकी २५ टक्के तास कमी उत्पन्नाच्या कामगारांना मिळावेत असं उद्दिष्ट आहे, आणि ५ टक्के तास खास गटांतल्या कामगारांना. यूथबिल्डमधली मुलं या हिशेबात मोजली जातात. शहरात हडच्या पैशाची मोठी कामं करणाऱ्या कंत्राटदाराला ते तास भरायचेच असतात. त्याच्याकडे जा, पण मुलांना फक्त झाडू मारता येतो असं होऊ देऊ नका. सहा-सात मुलांमागे एक जुना, हाडाचा सुतार ठेवा. आणि चौकट बसवणं, ड्रायवॉल, जिना हे प्रत्येकाच्या हातून पूर्ण करून घ्या. दाखल्यावर काय लिहिता येईल, याचा विचार पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढंच मांडा: दोन घरं, स्वच्छ मालकी, इंजिनिअरचा अहवाल, मालाच्या पैशाचं पत्र, नोकऱ्यांचं पत्र. सगळं हाती आलं तर जरूर सही करा. यंदा जमलं नाही तर पुढच्या फेरीत. आणि तोवर, कृपा करून, उत्साहाच्या भरात कुणी आतलं प्लास्टर काढायला सुरुवात करू नका.

छपराचा अंदाज आला की मला पाठवा. सोबत वाश्यांच्या टोकांचे फोटो हवेत, जिथे ते भिंतीत शिरतात तिथले. बॅटरीचा उजेड टाकून, अगदी जवळून.