‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ हा स्वीडिश चित्रपट कोणत्या नाटकावर आधारलेला आहे?

१९५५ सालचा हा चित्रपट पाहताना पडद्यावर नाटकच चालले आहे असे वाटते, तर मूळ नाटक कोणते आणि ते वाचायला मिळेल का, असे आपण विचारले आहे. या चित्रपटामागे कोणतेही नाटक नाही. इंगमार बर्गमन यांनी पटकथा स्वतंत्रपणे लिहिली आणि दिग्दर्शनही त्यांनीच केले. प्रवास उलट झाला आहे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेले ‘अ लिटल नाइट म्युझिक’ हे संगीत नाटक या चित्रपटावरून रचले गेले. त्याची संहिता ह्यू व्हीलर यांची आणि गीत-संगीत स्टीफन सॉन्डहाइम यांचे. पुढे १९७७ मध्ये त्या नाटकावरही एलिझाबेथ टेलर यांची भूमिका असलेला चित्रपट निघाला, आणि हा गैरसमज बहुधा त्यातूनच रूढ झाला असावा.

मात्र आपल्याला जे जाणवले ते अगदी खरे आहे. त्या वर्षांत बर्गमन स्वीडनमधील माल्मो या शहरातील नाट्यगृहात दिग्दर्शक होते, १९५४ मध्ये त्यांनी तेथे संगीतकार लेहार यांची ‘द मेरी विडो’ ही ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीतिका) बसवली होती, आणि रंगमंचावरची आपली काही नटमंडळी ते उन्हाळ्यात चित्रपटासाठी घेत असत. या कथेतील मध्यमवयीन वकील फ्रेड्रिक, त्याची कोवळी दुसरी पत्नी आन, पहिल्या पत्नीपासूनचा धर्मशास्त्र शिकणारा मुलगा हेन्रिक, फ्रेड्रिकची जुनी प्रेयसी असलेली अभिनेत्री डेझिरे, तिचा सध्याचा प्रियकर काउंट आणि काउंटची धारदार जिभेची पत्नी, ही सारी चुकीच्या जोड्यांत अडकलेली माणसे एका रात्रीसाठी डेझिरेच्या आईच्या वाड्यात जमतात. ही रचना थेट जुन्या फ्रेंच सुखात्मिकांच्या घराण्यातली आहे. मारिवो या अठराव्या शतकातील नाटककाराचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. गळफास घेण्याचा हेन्रिकचा प्रयत्न फसतो, त्या गडबडीत भिंतीतली कळ दाबली जाते आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या आनसह अख्खा पलंग भिंतीतून सरकत त्याच्यासमोर येतो. प्रहसनाच्या लेखकाला याहून अधिक काय हवे?

पण त्यानंतर लगेच येणारा प्रसंग मला नाटकात कल्पिता येत नाही. आन आणि हेन्रिक पहाटे बग्गीतून पळून जातात, फ्रेड्रिक आडोशाला उभा राहून ते पाहतो, आनचा पांढरा शेला वाटेत पडतो आणि तो पुढे होऊन उचलतो. त्याला तेथे एकही वाक्य दिलेले नाही. फ्रेड्रिकची भूमिका करणारे गुन्नार ब्यॉर्नस्ट्रांड यांचा चेहरा आणि छायालेखक गुन्नार फिशर यांनी टिपलेला तो उत्तरेकडचा फिकट उजेड, एवढ्यावर दृश्य उभे राहते, आणि इतका वेळ आपण ज्याला हसत होतो त्याची आपल्याला एकाएकी कणव वाटू लागते.

रंगभूमीवर जाताना झालेला एक बदल मला विशेष महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्याची रात्र तीनदा हसते, ही कल्पना चित्रपटात मोतद्दार फ्रिड हा पेट्रा या मोलकरणीला सांगतो: पहिले हसू तरुण प्रेमिकांसाठी, दुसरे विदूषकांसाठी आणि मूर्खांसाठी, तिसरे दुःखी, निद्राहीन, एकाकी माणसांसाठी. संगीत नाटकात हेच डेझिरेची वृद्ध आई, म्हणजे आजी, आपल्या नातीला सांगते, तिसरे हसू म्हाताऱ्यांचे ठरते आणि अखेरीस आजीचा मृत्यू होतो. नाटकाला त्यामुळे बांधेसूद शेवट मिळाला हे मान्य. तरीही वाड्यातल्या थोरामोठ्यांच्या भानगडींवरचे अखेरचे भाष्य नोकरांच्या तोंडी देण्यातला बर्गमन यांचा खट्याळपणा मला अधिक आवडतो.

खरोखरच नाट्यकृतीवरून घेतलेली बर्गमन यांची सुखात्मिका पाहायची असेल, तर १९६० सालचा ‘द डेव्हिल्स आय’ पाहावा. तो ओलुफ बांग या डॅनिश लेखकाच्या नभोनाट्यावर आधारलेला आहे, पण तुलनेने बराच फिका आहे. वाचनासाठी मात्र नाटकाऐवजी पटकथाच मिळवावी. बर्गमन यांच्या चार पटकथांचा इंग्रजी अनुवाद १९६० मध्ये एकत्रित पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला असून त्यात हिचा समावेश आहे, आणि ती नाटकासारखी सलग वाचता येते.